पाकीट फोडलं का?

"याखेरीज कुठल्या कॉलेजात कधी नाव घातलं होतं? एकच दिवस गेला असाल तरी सांगा," ओकाफोर बाई म्हणाल्या.

"नाही," मी म्हणाले.

त्यांनी 'नाही'च्या चौकोनात खूण केली नाही. पेनाचं टोक कागदावर टेकवून तसंच धरलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मी पर्सच्या पट्ट्याकडे पाहिलं.

"नक्की?"

"नक्की."

"मग हे मला समजावून सांगा." त्यांनी फायलीतून माझाच निबंध काढला. हा विषय तुम्हाला का शिकायचा आहे, ते पाचशे शब्दांत लिहून अर्जासोबत द्यावं लागायचं. मी तो अकरा वेळा लिहिला होता. एका वाक्यावर त्यांनी पिवळी रेघ ओढली होती. वाक्य मला पाठ होतं, कारण माझ्या मते तेच त्यातलं सगळ्यात चांगलं होतं. 'कॉलेजच्या पहिल्या वर्षी आम्ही मुली कॉम्प्युटरच्या खोलीबाहेर चपला काढून रांगेत उभ्या राहायचो.'

"चपला धुळीमुळे काढायच्या," मी घाईघाईनं म्हणाले. "दोनच कॉम्प्युटर होते. त्यांच्यावर फुलाफुलांचं कापड घातलेलं असायचं. सर आधी कापड काढायचे, घडी घालायचे, मग..."

"चपलांचं मला कळलं," ओकाफोर बाई म्हणाल्या. "मी विचारतेय, कॉलेज कुठलं?"

ही गोष्ट दोन हजार बाराच्या मे महिन्यातली. मी तेव्हा अडतीस वर्षांची होते आणि ओहायोतल्या एका कम्युनिटी कॉलेजात शिकत होते. कम्युनिटी कॉलेज म्हणजे इथलं दोन वर्षांचं कॉलेज. फी कमी, वयाची अट नाही, येईल त्याला प्रवेश. माझ्या वर्गात अठरा वर्षांची पोरं होती, ट्रक चालवणारे होते, आणि एक आजोबा होते जे दर तासाला पहिल्या बाकावर बसून झोपायचे. तिथले विषय चांगल्या गुणांनी पुरे केले, की विद्यापीठात थेट तिसऱ्या वर्षाला बदली मिळते. मला ती आयटीच्या पदवीसाठी हवी होती. दोन वर्षांचं काम मी घर, मुलगी आणि महाराष्ट्र मंडळाची वेबसाइट सांभाळत चार वर्षांत उरकलं होतं. विद्यापीठाचं पत्रही आलं होतं. प्रवेश मंजूर, फक्त कागदपत्रांची शेवटची तपासणी बाकी. त्यासाठी ओकाफोर बाई दर मंगळवारी विद्यापीठातून आमच्या कॉलेजात येऊन बसायच्या. बाई मूळच्या नायजेरियाच्या, माझ्याहून पंधरा-एक वर्षांनी मोठ्या, आणि हसल्या की धीर येण्याऐवजी जास्तच भीती वाटायची.

"मी नापास झाले होते," मी म्हणाले. "म्हणून लिहिलं नाही."

हे त्यांना कसं समजवायचं, ते मला कळेना. चार वर्षांपूर्वी नाव घालताना मी शिक्षण 'बारावी' असं लिहिलं, तेव्हा आपण खोटं लिहितोय असं मला खरंच वाटलं नव्हतं. आपल्याकडे नापासाचं वर्ष धरतं कोण? शेवटची पास झालेली इयत्ता सांगायची आणि पुढचं गिळून टाकायचं. शिवाय नापास झाली होती ती कुंदा. कुंदा नारायण सावळे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं 'अनघा' असं लिहिलं गेलं, आणि अनघा उमरीकर नावाची जी कोणी त्या मांडवातून बाहेर पडली, ती एकाही परीक्षेला बसलेलीच नव्हती. मला त्या वेळी ते फार सोयीचं वाटलं होतं.

"इथे असं चालत नाही," ओकाफोर बाई म्हणाल्या. "पास, नापास, अर्धवट, सगळं दाखवावं लागतं. सप्टेंबरमध्ये कोणाच्या लक्षात आलं असतं, तर तुमचा प्रवेश रद्द झाला असता आणि पुन्हा कुठे मिळाला नसता. आत्ता मी विचारलं आणि तुम्ही सांगितलं, असं मी धरते. दोन मिनिटांपूर्वीचं मी ऐकलं नाही." त्यांनी 'होय'च्या चौकोनात खूण केली. "त्या कॉलेजकडून निकाल मागवा. बंद पाकिटात, त्यांच्या शिक्क्यानं, थेट माझ्या पत्त्यावर. एक जूनच्या आत."

तेव्हा पंधरा तारीख होती.

"आणि निकाल वाईट असेल तर?"

"सगळ्या कॉलेजांचे गुण एकत्र धरून सरासरी काढतात. आयटीला चारपैकी तीन लागतात. त्याखाली घेत नाहीत."

मी त्या आकडेमोडीत हुशार होते. गाडीपर्यंत पोचायच्या आत सरासरी काढून झाली. माझी तीन पूर्णांक सहा होती. त्यात एका अख्ख्या वर्षाची शून्यं घातली, की दोन पूर्णांक पंचेचाळीस. गाडीत बसून मी पुन्हा काढली. तेवढीच आली.

उठताना ओकाफोर बाईंनी आणखी एक विचारलं होतं. "तुमची प्रवेशाच्या वेळची गणिताची चाचणी मी पाहिली. तुम्हाला थेट वरच्या वर्गात बसता आलं असतं. तुम्ही सगळ्यात खालचा वर्ग घेतलात. अपूर्णांकांपासून. का?"

"पाया कच्चा होता म्हणून," मी म्हणाले.

त्या वर्गात मी अख्खं वर्ष काढलं होतं. शेजारची मुलगी माझ्या वहीत बघून उत्तरं उतरवायची, आणि मला वाटायचं, बिचारीला माहीत नाही ती कोणाचं उतरवतेय.

सुधाकर माझा धाकटा भाऊ. रिसोडला आबांजवळ राहतो, शेतीच्या औषधांचं दुकान चालवतो. त्याला फोन केला.

"ताई, बावन्न कामं आहेत मले," तो आधी म्हणाला. मग, "तू कॉलेजात कधी होतीस?"

"तू चौथीत होतास तेव्हा. वाशीमला. एफवाय."

"मले वाटे तू मावशीकडे शिवणक्लासले जायची."

"निकालानंतर सगळ्यांना तेच सांगितलं होतं."

"आता तो निकाल कोण देईन? वीस वर्षं झाली."

"एकोणीस. जा तर खरं. बंद पाकीट म्हणावं, शिक्का मारून. आणि सुधा, आबांना सांगू नकोस."

"हाव, नाही सांगत," सुधाकर म्हणाला, म्हणजे त्यानं फोन ठेवल्याबरोबर सांगितलं असणार.

राहिले गिरीश, माझा नवरा. त्यांना शनिवारी सकाळी सांगितलं, इंडियन दुकानात. घरी मुलगी होती, आणि घरात मला धीर झाला नाही. ते भेंड्यांची टोकं मोडून बघत होते. तिथली एक गोरी बाई आमच्याकडे रागानं बघत होती.

"अहो, मी एफवायला नापास झाले होते."

त्यांनी आणखी एक भेंडी मोडली. "कधी?"

"लग्नाआधी."

"तू कॉलेजात जायचीस?"

"एक वर्ष."

त्यांनी भेंड्या घेतल्या, कोथिंबीर घेतली, पैसे दिले. गाडीत बसल्यावर किल्ली लावली नाही.

"आबा माझ्या बाबांना म्हणाले होते, पोरगी बारावीनंतर घरीच असते, शिवण शिकते. मी समोर बसलो होतो."

"मला शिवण येत नाही, हे एव्हाना तुमच्या लक्षात यायला हवं होतं. तुमच्या पँटची बटणं मी इतकी वर्षं मैत्रिणीकडून लावून आणते."

ते हसले नाहीत. "नापास झालीस त्याचं काही नाही. लपवलं कशाला?"

तेव्हा मी त्यांना कराराचं सांगितलं. माझ्यामागे दोन बहिणी होत्या, मग सुधाकर. स्थळं यायला लागली, तशी मी आबांसमोर उभी राहिले. मी त्यांची लाडकी, म्हणून तेवढं चालायचं. म्हटलं, पास झाले तर पदवी हातात येईपर्यंत लग्नाचं नाव काढायचं नाही. नापास झाले, तर तुम्ही म्हणाल तिथे, म्हणाल तेव्हा. आबा म्हणाले, "ठरलं." प्राथमिक शाळेतले गुरुजी ते. शब्द दिला म्हणजे फळ्यावर लिहिल्यासारखं. पण गणिताचा दुसरा पेपर मला भयंकर गेला. अख्खा एक प्रश्न राहून गेला. घरी येऊन मी न्हाणीघरात दार लावून रडले होते.

"आणि तू नापास झालीस," गिरीश म्हणाले.

"हो."

"म्हणजे तू गणितात नापास झालीस म्हणून मला मिळालीस."

"असं म्हणायला हरकत नाही."

त्यांनी किल्ली फिरवली. "आम्ही पेढे वाटायला हवे होते," ते म्हणाले. पण सोमवारपर्यंत ते माझ्याशी कामापुरतंच बोलले, आणि भेंडीची भाजी नको म्हणाले.

निकालाचा दिवस मला तेव्हा सारखा आठवत राहिला. जूनचा तिसरा आठवडा. कॉलेजात बोर्डावर यादी लागणार होती. माझा जायचा धीर होईना. "मी पाहून येतो," म्हणून आबा सकाळच्या एसटीनं वाशीमला गेले. चार वाजता परत आले. छत्री खुंटीला लावली, पाय धुतले, पंच्यानं पुसले, एकेक बोट. मी दाराच्या चौकटीला धरून उभी.

"आबा?"

"लागला निकाल," ते म्हणाले. "राहू दे आता, पोरी."

मी पुढे काही विचारलं नाही. रात्रीच्या जेवणाला त्यांनी स्वतः उठून माझ्या भातावर तूप वाढलं. आमच्याकडे तूप आई वाढायची. मला वाटलं, समजूत घालतायत. नोव्हेंबरात माझं लग्न झालं.

मी फोन केल्यापासून आठ दिवसांनी सुधाकरचा फोन आला.

"ताई, झालं काम. पण काय ताप दिला त्या बाबूनं! पह्यले म्हणे रेकॉर्ड मिळत नाही. मंग म्हणे अर्ज द्या. अर्ज दिला, तर म्हणे विद्यार्थिनी स्वतः कुठं हाय. मी म्हटलं, अमेरिकेत. तर म्हणे, मंग तिले काहून पायजे आपला निकाल?"

"मग?"

"मंग त्यानं कपाट उघडलं. तुले सांगतो, आत कागदाचे गठ्ठे अन् झुरळं. त्यात एक गठ्ठा होता, ज्यांनी मार्कलिस्ट नेलीच नाही त्यांचा. तुही तिथंच. सुतळीत बांधेल. एकोणीस वर्षं."

"तू पाहिलीस?"

"त्यानं पाहू देली नाही. बंद पाकीट पायजे म्हणलं होतं नं तू? त्यानं असं बंद केलं, का बस. गोंद लावला, वरून दोरा, वरून लाख. लाखेवर कॉलेजचा शिक्का. पाकीट कमी अन् पोतं जास्त दिसे. कुरिअरवालाच हसला."

"बरं केलंस."

"अन् ताई..." तो थांबला. "आबाचं काही कळत नाही. म्या सांगलं नव्हतं, पण त्याइले कळलं."

"तूच सांगितलंस."

"बरं, म्याच सांगलं. तर मले म्हणे, काहून जुनं उकरता? लेकरू सुखात आहे तिकडे. मंग म्हणे, कुरिअर नको टाकू, मी टाकतो. मी म्हटलं, अठ्ठ्याहत्तर वय हाय तुमचं, बसा घरी. तवापासून नीट जेवत नाहीत. दर दोन तासानं एकच. पाकीट फोडलं का तिनं? पाकीट फोडलं का?"

"त्यांना सांग, मी फोडणार नाहीये. इथली बाई फोडेल."

"ते सांगलं. तर म्हणे, तिले समजते का मराठी?"

आबांना माझी लाज वाटतेय, मला वाटलं. आमच्या घरातलं झाकून ठेवलेलं काहीतरी परक्या बाईच्या टेबलावर उघडं पडणार, याची. मलाही तीच वाटत होती, म्हणून त्यांचा राग आला नाही. कुरिअरचा नंबर मी दिवसातून वीस वेळा कॉम्प्युटरवर टाकायचे. पाकीट मुंबईत. पाकीट मुंबईतच. पाकीट जर्मनीत. मग दोन दिवस ते कुठेच नव्हतं, आणि त्या दोन दिवसांत मी दोनदा भात करपवला आणि मंडळाच्या वेबसाइटवर सत्यनारायणाची तारीख चुकीची टाकली. पंधरा माणसं रिकाम्या हॉलमध्ये जाऊन आली.

गिरीश आता बोलायला लागले होते. "नाहीच घेतलं, तर?" त्यांनी एकदा चहा ढवळत विचारलं.

"तर काय? अपूर्णांकांपासून पुन्हा."

"मी तसं विचारत नव्हतो," ते म्हणाले, आणि ढवळत राहिले. चहात साखर घातलीच नव्हती.

एकोणतीस मे, मंगळवार. ओकाफोर बाईंच्या टेबलावर ते पाकीट होतं. खाकी, फुगलेलं, दोऱ्यानं आवळलेलं, वर तीन ठिकाणी लाल लाख. बाई ते उलटंसुलटं करून बघत होत्या.

"लाख!" त्या म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांच्या हसण्याची मला भीती वाटली नाही. "आमच्याकडे एनुगूला पोस्टमास्तर लावायचा. मी लहान होते. चाळीस वर्षांत पाहिली नव्हती." त्यांनी कात्रीनं दोरा कापला. लाखेचे तुकडे टेबलावर पडले, ते त्यांनी एका बाजूला नीट गोळा करून ठेवले.

आत दोन कागद होते. एक कॉलेजचं पत्र. दुसरी मूळ मार्कलिस्ट. पिवळी पडलेली, घडीवर विरलेली, इंग्रजीतली. बाई वाचायला लागल्या. मी त्यांच्या टेबलावरच्या कॅलेंडरकडे बघत होते. त्यावर मांजराचं चित्र होतं. मांजराच्या मिशा किती आहेत, ते मी मोजलं.

"कुंदा नारायण सावळे. ह्या तुम्हीच?"

"मीच. लग्नात नाव बदलतात. त्याचं प्रतिज्ञापत्र फायलीत आहे, ग्रीन कार्डाच्या वेळचं."

"पाहिलं मी." त्या पुन्हा वाचायला लागल्या. बोट एकेका ओळीवरून खाली नेलं, मग वर नेलं, मग पुन्हा खाली. "मला जरा कळत नाहीये. तुमच्याकडे पास व्हायला शंभरात किती लागायचे?"

"पस्तीस."

"आणि हे दीडशेपैकी आहे ना?"

"हो. दीडशेपैकी बावन्न-त्रेपन्न लागायचे." माझा आवाज मलाच लांबून येत होता. "किती कमी पडले?"

ओकाफोर बाईंनी कागद फिरवून माझ्याकडे सरकवला.

गणिताच्या ओळीत एकशे एकतीस लिहिलं होतं. मी ती ओळ वाचली, मग वरचं नाव वाचलं, मग आडनाव, मग परीक्षा क्रमांक. क्रमांक मला आठवत होता. खाली शिक्का होता, प्राचार्यांची सही होती, एकवीस जूनची तारीख होती, आणि टाइपरायटरवर उमटवलेला एकच शब्द. पास. शेजारी, प्रथम श्रेणी.

"तुम्ही मला नापास झाले म्हणालात," बाई हळू आवाजात म्हणाल्या.

"हो."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"वडिलांनी." मग मी थांबले. "नाही. त्यांनी तसं सांगितलं नाही. त्यांनी तो शब्द वापरलाच नव्हता."

त्यांनी ड्रॉवरमधून कागदी रुमालांचा डबा काढून माझ्यापुढे ठेवला आणि स्वतः खिडकीकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "आमच्या गावात निकाल आणायला बापच जायचा," त्या खिडकीला म्हणाल्या. एवढंच.

परत येऊन बसल्या, तेव्हा पुन्हा कामाच्या बाई झाल्या होत्या. "हे वर्ष धरलं जाईल. तुमची सरासरी कमी होणार नाही, उलट थोडी वाढेल. आणि ह्या गणितावर तुम्हाला स्टॅटिस्टिक्स माफ होईल बहुतेक, मी लिहिते. आता एक ओळ राहिली." त्यांनी अर्ज पुढे ओढला. "कॉलेज सोडण्याचं कारण. काय लिहू?"

मी त्या रिकाम्या ओळीकडे पाहिलं. बोटभर जागा होती.

"लग्न," मी म्हणाले.

त्यांनी लिहिलं आणि सही केली.

गिरीशना मी संध्याकाळी सांगितलं. ते काकडी चोचवत होते. मार्कलिस्ट हातात घेऊन उभ्या उभ्या वाचली, चष्मा काढून वाचली, मग कागद ओल्या ओट्यापासून लांब, फ्रिजवर नेऊन ठेवला.

"मग माझं काय?" त्यांनी विचारलं. थट्टेत नव्हे.

"तुमचं काय," मी म्हणाले, "कोशिंबिरीत मीठ घातलंय का तेवढं सांगा." त्यांनी चव घेतली. मग दुसरा चमचा भरून माझ्यापुढे धरला, आणि मी खाईपर्यंत हात खाली घेतला नाही. पुढे दोन वर्षं माझ्या परीक्षांच्या दिवशी ते रजा घ्यायचे. निकाल बघायला मात्र माझ्या खुर्चीमागे उभे राहायचे, कॉम्प्युटरला हात न लावता. "तूच उघड," म्हणायचे. "तूच वाच."

पण ते सगळं नंतरचं. त्या मंगळवारी ओकाफोर बाईंच्या खोलीतून निघाले, ती मी आधी पार्किंगमध्ये गाडीत जाऊन बसले. मार्कलिस्ट मांडीवर होती. बाईंनी तिची प्रत ठेवून घेऊन मूळ मला दिली होती. अकरा वाजले होते. म्हणजे रिसोडला रात्रीचे साडेआठ. आबांचं जेवण झालेलं असणार, किंवा झालेलं नसणार.

बोलायचं काय, ते मी जुळवत होते. पहिलं वाक्य तयार होतं. आबा, तुम्ही गुरुजी ना? दुसरंही होतं. शाळेत दुसऱ्याच्या लेकराचा एक गुण तुम्ही कधी इकडचा तिकडे केला नाही. तिसरं मात्र जमत नव्हतं. तिसऱ्या वाक्यात अपूर्णांकांचा वर्ग होता, फुलाफुलांचं कापड होतं, माझी मुलगी होती जी झालीच नसती, आणि भेंड्या मोडणारा तो माणूस होता. त्याचं वाक्य होईना.

मी नंबर लावला. पहिल्याच रिंगला उचलला गेला.

"कुंदा?" मला त्या नावानं हाक मारणारे आता ते एकटेच उरले होते.

"आबा, जेवलात का?"

"पाकीट फोडलं का?"

"फोडलं."

पलीकडे टीव्ही चालू होता. कोणीतरी तो बंद केला. मग फक्त पंख्याचा आवाज यायला लागला. मी तोंड उघडलं, पहिलं वाक्य म्हणायला.

"गणितात एकशे एकतीस," आबा म्हणाले. "दीडशेपैकी. फिजिक्सले चौऱ्याण्णव. केमिस्ट्रीले एकशे दोन. बरोबर?"

मांडीवरच्या कागदावरून मी बोट फिरवलं. गणित. फिजिक्स. केमिस्ट्री.

"बरोबर," मी म्हणाले.

"बोर्डावर उन्ह येत होतं. तीनदा पाहिलं मी. एका पोराले वाचायले सांगितलं. त्यानंही तेच वाचलं." ते थांबले. श्वास लागल्यासारखा आवाज येत होता. "कुंदा, तवा माझ्यापुढं... तुह्यामागं दोघी होत्या, अन् ते स्थळ..."

"राहू दे आता, आबा," मी म्हणाले.

माझ्या शेजारच्या जागेत एका मुलानं गाडी लावली आणि दप्तर सांभाळत कॉलेजकडे धावत गेला. एक मेला आमच्या गावच्या शाळेच्या ओट्यावर उभं राहून आबा निकाल वाचायचे, तेव्हा आधी घसा खाकरायचे. तसा त्यांनी खाकरला.

"मंग घातलं का त्याइनं तुले पुढच्या वर्गात?"

"घातलं. थेट तिसऱ्या वर्षाला."

"अन् पह्यलं?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता. "पह्यलं वर्ष धरलं का त्याइनं?"

"धरलं, आबा," मी म्हणाले. "धरलं."